पाटाखालचे चार पेले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत हवं म्हणून शाळेतून फोन आला होता, ते मला संध्याकाळी कळलं. दिवसभर फोन टेबलाच्या खणात पडून होता. रंगाच्या बूथमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या खोलीत, मोबाईल, घड्याळ, किल्ल्या, खिशातली सुटी नाणी यातलं काहीच न्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे आणि मालक म्हणून तो आधी मला लागू आहे. हा नियम का, हे सांगायचं तर नववीच्या वर्गातच जावं लागतं.

जानेवारीचा महिना होता. गिरणा नदीकडून कोरडं, गार वारं यायचं, शेतातून कापसाची शेवटची वेचणी चालली होती आणि अर्धा वर्ग त्यामुळे गैरहजर असायचा. विज्ञानाच्या सरांनी त्या दिवशी टेबल बाजूला सरकवलं, जमिनीवर चार जाड काचेचे पेले उपडे ठेवले आणि त्यावर घरून आणलेला जेवणाचा पाट ठेवला. वर्गात सगळ्यात हलका मी होतो, म्हणून मला त्यावर उभं केलं. मग एका मुलाने सरांच्या सांगण्यावरून वाळवलेली घोंगडी माझ्या पाठीवर सपासप मारायला सुरुवात केली. पंधरा-वीस फटक्यांनंतर माझ्या हातावरची लव उभी राहिली. सर म्हणाले, "आता कुणीतरी याच्या नाकाजवळ बोट न्या." मॉनिटर पुढे झाला. चट् असा आवाज झाला, नाकाच्या शेंड्याला सुई टोचल्यासारखं झालं आणि तो हात झटकत मागे पळाला.

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "आता एक पाय खाली ठेव." जुन्या इमारतीतली ती जमीन शेणाने सारवलेली, आतून ओलसर. मी एक पाय टेकवला. परत तेवढेच फटके, परत मॉनिटरचं बोट, पण काहीच झालं नाही. "घोंगडी तीच, पोरगा तोच," सरांनी विचारलं, "मग बदललं काय?" कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हा सर म्हणाले ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं: "भार अंगावर साचतो तो वाट नाही म्हणून. वाट दिली की तो थांबत नाही." भार म्हणजे घोंगडीच्या घासण्याने अंगावर आलेली वीज.

1989 साली दहावी झाली. पुढे आयटीआयला पेंटरचा ट्रेड केला, अप्रेंटिसशिप झाली आणि जळगावच्या एमआयडीसीत कपाटं आणि पाइपच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. तिथे पाच-सहा वर्षं रंग फवारायची साधी गन चालवली. साध्या गनमध्ये रंग हवेच्या जोराने फुटतो आणि पाइपसारखी बारीक वस्तू असली की निम्म्याहून जास्त रंग वस्तूला न लागता उडून जातो. आमच्या भिंती, आमचे कपडे, आमची फुप्फुसं, सगळ्यांना त्यातला वाटा मिळायचा.

1998 मध्ये कारखान्यात इलेक्ट्रोस्टॅटिक गन आली. पहिल्या दिवशी मी खुर्चीच्या पाइपवर समोरून एक हात मारला आणि मागे जाऊन पाहिलं, तर पाइपच्या मागच्या बाजूवरही रंग बसलेला! मी गन न फिरवता रंग वळसा घालून मागे गेला होता. मला त्या क्षणी सरांनी वर्गात केसांवर घासून दाखवलेला कंगवा आणि त्याने ओढले जाणारे कागदाचे कपटे आठवले. खेचायची रीत तीच, फक्त कंगव्याच्या जागी साठ-ऐंशी हजार व्होल्ट.

शाळेतल्या मुलांसाठी थोडं सांगतो. गनच्या तोंडाशी एक बारीक सुई असते. गनमधला कॅसकेड नावाचा भाग आलेला कमी व्होल्टेज वाढवत वाढवत त्या सुईपर्यंत नेतो. सुईभोवतीची हवा भारित होते, रंगाचा प्रत्येक थेंब तिथून जाताना ऋण भार घेऊन निघतो आणि समोर जमिनीशी जोडलेली जी धातूची वस्तू असेल तिच्याकडे धावतो. करंट अगदी किरकोळ, मायक्रोअँपिअरमध्ये मोजायचा. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात मात्र हा रंग शिरत नाही. विजेची ओढ कडेलाच थेंब धरून ठेवते, आत पोचू देत नाही. मायकेल फॅरेडेने 1836 मध्ये पिंजऱ्याचा प्रयोग करून दाखवलं ते हेच. अशा वेळी व्होल्टेज कमी करायचं आणि कोपरा आधी मारून घ्यायचा. नवी मुलं उलट करतात, व्होल्टेज वाढवतात आणि मग कडेला रंग ओघळतो.

या साऱ्या व्यवहारात एकच गोष्ट गृहीत असते: वस्तू जमिनीशी जोडलेली असणं. आणि ती जोडलेली नसेल तर काय होतं, हे मी 2001 च्या मे महिन्यात पाहिलं.

आम्ही कपाटाचे दरवाजे वर फिरणाऱ्या साखळीला हुकांवर टांगायचो. दरवाज्याबरोबर हुकावरही रंग बसतो. दर पाळीला थोडा, महिन्याभरात नखाएवढा जाड. हूक खरवडायचं काम माझ्याकडे होतं. ऑर्डरची घाई होती आणि मी ते आठ दिवस पुढे ढकललं होतं. त्यात एक्झॉस्ट पंख्याचा पट्टा सैल झाला होता. पंखा फिरायचा, पण वाफ ओढायचा नाही. हेल्पर म्हणून एक नवा मुलगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, थिनरचा बोळा हातात घेऊन कडा पुसणारा. दरवाजा त्या रंगाच्या थरावर अधांतरी लटकलेला, म्हणजे पाटावर उभा केलेला पोरगाच. मी त्याच्यावर भार फेकत होतो आणि त्याला जायला वाट नव्हती. हेल्परने पुसायला हात पुढे केला. चट्.

नववीतला तोच आवाज. पण नववीत हवेत थिनरची वाफ नव्हती.

क्षणभर त्याच्या हातापासून दरवाज्यापर्यंत निळसर, मग पिवळा जाळ दिसला. मी ट्रिगर सोडला, शेजारच्याने अग्निशामक सिलिंडर ओढला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा मामला असेल. मुलाचा डावा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या, डोळे वाचले. दोन महिने तो कामावर येऊ शकला नाही. कारखान्याने औषधपाण्याचा खर्च केला, पण हूक आठ दिवस खरवडलेले नव्हते हे मला आणि त्याला दोघांनाच माहीत होतं. त्याच्या घरी एरंडोलजवळच्या गावाला मी तीनदा गेलो. त्याच्या आईने दर वेळी मला कळण्याची भाकरी वाढली आणि मला ती नीट गिळता आली नाही.

नंतर मी यावर जमेल तेवढं वाचलं. थिनरची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर तिला पेटवायला मिलिज्यूलचा पाव भाग इतकी ऊर्जा पुरते. माणसाच्या बोटाला जेमतेम जाणवणारी ठिणगी त्याच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणून आमच्याकडे "जरासा झटका बसला, साहेब" हे वाक्य कुणी बोललं की काम तिथल्या तिथे थांबतं. त्या झटक्याने तुम्ही मरत नाही. पण झटका बसला याचा अर्थ कुठेतरी वाट तुटली आहे, आणि ती सापडेपर्यंत गन उचलायची नाही.

2006 मध्ये मी स्वतःचं लहानसं पेंटशॉप टाकलं. सकाळी बूथमध्ये थिनरचा वासही नसताना पहिलं काम मेगरचं, म्हणजे रोध मोजायच्या यंत्राचं. टांगलेल्या वस्तूपासून जमिनीपर्यंतचा रोध 1 मेगाओहमच्या आत आला पाहिजे. नाही आला तर हूक काढायचा, कानसीने टोक घासायचं, धातू चमकेपर्यंत घासायचं. हूक वस्तूला टेकतो ती जागा हरभऱ्याएवढी असते. सगळा धंदा, सगळ्या पोरांचा जीव त्या हरभऱ्याएवढ्या चमकत्या ठिपक्यावर टांगलेला असतो.

मग माणूस. गन चालवणाराही जमिनीशी जोडलेला हवा. गनची मूठ उघड्या तळव्याने धरायची किंवा हातमोज्याचा तळवा कापून घ्यायचा. पायात भार जाऊ देणारे बूट, आणि बूटाखाली रंगाचे पोपडे नकोत. जाड रबरी चप्पल घातलेला माणूस म्हणजे पुन्हा तोच पेल्यांवरच्या पाटावरचा मुलगा. उन्हाळ्यात पोरं कुरकुरतात. एकाने मला सरळ सांगितलं, "काही नही व्हस, भो." मी त्याला ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी घरून पाट आणि पेले आणले आणि त्यालाच उभं केलं. घोंगडी मी स्वतः मारली. तेव्हापासून तो इतरांचे बूट तपासतो.

कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्याला मी बूथच्या आसपासही फिरकू देत नाही. पंखा सुरू झाल्याशिवाय गनला हवा आणि वीज मिळणारच नाही अशी जोडणी केली आहे, कारण माणूस विसरतो. आणि जास्त दाबाची गन असेल तर तोंडासमोर बोट कधीच धरायचं नाही. त्या दाबाने रंग कातडीतून आत घुसतो, वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, आणि तरीही ती तातडीने दवाखाना गाठायची जखम असते. डॉक्टरांना "रंग आत गेला आहे" हे शब्द सांगायचेच.

गन धुण्यावरून मी सगळ्यात जास्त बोलतो. आधी वीज बंद, मग दाब सोडायचा, मगच थिनर. थिनर धातूच्या बादलीत, आणि त्या बादलीलाही अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडणारी, तार. प्लॅस्टिकची बादली माझ्या शॉपमध्ये पिण्याच्या पाण्यालासुद्धा ठेवत नाही, चुकून कुणी उचलेल म्हणून. पुसताना गनचं तोंड खाली, म्हणजे थिनर हवेच्या वाटेने मागे विजेच्या भागात उतरत नाही. गन थिनरमध्ये बुडवून ठेवणं म्हणजे ती मारणंच. एअर कॅपची, म्हणजे गनच्या तोंडावरच्या टोपीची, भोकं तारेने टोकरायची नाहीत, मऊ ब्रश किंवा लाकडी काडी पुरते. तारेने भोक किंचित जरी वाकडं झालं तरी रंगाचा पंख्यासारखा पसरणारा फवारा एका बाजूला कलतो. सुई वाकली का बघायचं, आणि जोडताना कंपनी सांगते तो ग्रीस लावायला विसरायचं नाही, नाहीतर वीज आतल्या आतच वाट काढते आणि गनचं अंग काळं पडतं.

आणि आपल्या खानदेशातली खास गोष्ट. पुस्तकात लिहिलेलं अर्थिंग इथे मे महिन्यात पुस्तकासारखं राहत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी असते आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती सुकून पाइपपासून सुटते. वर तार, क्लॅम्प, तांब्याची पट्टी सगळं जिथल्या तिथे दिसतं आणि खाली वाट तुटलेली असते. म्हणून अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगाचा पाऊस पडेपर्यंत मी रोज संध्याकाळी अर्थिंगच्या खड्ड्याच्या नरसाळ्यातून दोन बादल्या पाणी ओततो. खड्ड्यात पाइपभोवती भरलेलं कोळसा-मीठ वर्षातून एकदा बघतो. शेजारचे म्हणतात, झाड नाही, वेल नाही, पाणी कशाला घालतोस?

सर निवृत्तीनंतर जळगावला मुलाकडे राहतात असं चार वर्षांपूर्वी कळलं. जाऊन भेटलो आणि त्यांना शॉपवर घेऊन आलो. गन, बूथ, मेगर सगळं दाखवलं. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर वर्गात होती तशीच. त्यांनी रंगाकडे फार बघितलं नाही. हुकाचं घासलेलं टोक बोटाने चाचपलं, तांब्याची पट्टी कुठे जाते ती भिंतीने धरत धरत बाहेर आले आणि खड्ड्यापाशी थांबले. "पावसाळ्यात आपला प्रयोग फसायचा, आठवतं?" त्यांनी विचारलं. "हो सर," मी म्हणालो, "आणि आमचं काम उन्हाळ्यात फसतं." त्यांनी बादलीतून एक तांब्या पाणी घेऊन स्वतःच्या हाताने नरसाळ्यात ओतलं आणि ते खाली मुरेपर्यंत वाकून बघत राहिले.

आता सर नाहीत. शाळेला देणगी म्हणून काय द्यायचं, हे मला विचारलं आहे. रक्कम मी वेगळी देईनच. पण नव्या संगणक कक्षाची अर्थिंग दिवाळीच्या सुट्टीत मी येऊन मोजून देतो. कमी पडली तर खड्डा करून पाइप बसवून देतो, आणि पाणी कधी घालायचं ते शिपाईभाऊंना दाखवून ठेवतो. जानेवारीत, हवा कोरडी असेल तेव्हा, नववीच्या वर्गाचा एक तास मला द्यावा. पाट आणि चार पेले मी घेऊन येतो. घोंगडी मात्र गावातल्याच कुणी आणावी आणि आदल्या दिवशी उन्हात चांगली वाळवून ठेवावी.