मॉरिशस म्हणजे नुसता बीच नाही हो

नाशिकची मंडळी मॉरिशसला जातात ती हनिमूनला नाहीतर बीचवर फोटो काढायला, पण मला विचाराल तर आधी राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघा. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून मजूर नेले, साडेचार लाखांच्या आसपास, आणि बोटीतून उतरलं की घाटाच्या १६ दगडी पायऱ्या चढून वर यायचं. त्यात आपले कोकणातले लोकही होते, म्हणून तर गणेश चतुर्थीला तिकडे चक्क सरकारी सुट्टी असते!

डोडोचं मात्र वाईट झालं. १५९८ ला डच आले आणि शंभर वर्षांच्या आत तो न उडणारा बिचारा पक्षी संपला, माणसांबरोबर आलेली डुकरं-उंदीर त्याची अंडीच खायचे.

त्र्यंबकच्या गर्दीने वैतागला असाल तर महाशिवरात्रीला गंगा तलावला, म्हणजे तिथल्या पवित्र तळ्यावर, जाऊ नका, अख्खा देश कावड घेऊन चालत तिकडेच निघालेला असतो.

आणि डाळपुरी! मऊ पोळीत पिवळ्या डाळीचं सारण, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी नि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून देतात, तीही जोडीनेच. एका जोडीत कोणाचं भागत नाही.