दहाचा रवा, पन्नास किलो

गुळाच्या अडत दुकानातल्या दिवाणजींचा फोन आला तेव्हा सौदे उरकून तोलाई सुरू झाली होती. "म्याडम, काटा येडा झालाय. दहाचा रवा ठेवला की पन्नास दाखवतोय, आन तिसाचा ठेवला की कधी बावन्न, कधी चार."

रवा म्हणजे गुळाची ढेप, दहाचा म्हणजे दहा किलोचा. मी विचारलं, काट्याच्या स्वतःच्या डिस्प्लेवर काय दिसतंय? तिथे बरोबर होतं. चुकत होतं ते दिवाणजींच्या पडद्यावर, म्हणजे माझ्या प्रांतात. टॅब, कीबोर्ड आणि केबलींची पिशवी स्कूटरला अडकवून राजारामपुरीतून निघाले.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या हंगामात थांबायला कुणालाच वेळ नसतो. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले की पुढचे काही महिने रोज सकाळी तोच धडाका. रवे मांडले जातात, व्यापारी येतात, कोपरा फोडून रंग आणि कणी बघतात, बोली होते आणि लगेच माल काट्यावर. तिसाचे रवे, दहाचे रवे, गुजरातकडे जाणारे एक किलोच्या भेल्यांचे बॉक्स. वजन झाल्याशिवाय शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होत नाही, पट्टी झाल्याशिवाय त्याचा टेम्पो हलत नाही. तोलाई अडली की मागची सगळी रांग अडते.

या अडत दुकानाचं पट्टीचं काम मी करून दिलेलं आहे. मांडणी साधी. काट्याच्या पाठीला आरएस-२३२ चं जुनं नऊ पिनांचं पोर्ट असतं. तिथून केबल एका रास्पबेरी पायला जाते. पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. तो वजन वाचतो आणि दिवाणजींच्या पीसीवर ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाकडे पाठवतो. दिवाणजी फक्त शेतकऱ्याचं नाव आणि दर घालतात. हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी छापून येते.

पोचले तर काट्याभोवती घोळका. तोलाईदार पूर्वीसारखा ओरडून वजन सांगत होता, दिवाणजी वहीत लिहून घेत होते. काम अगदीच थांबलं नव्हतं, पण वहीतून पुन्हा पीसीत चढवायला संध्याकाळ झाली असती. एका पट्टीवर चुकीचं वजन छापूनही गेलं होतं. तो शेतकरी, पन्हाळ्याकडचा एक म्हातारा, ती पट्टी सगळ्यांना दाखवत होता. "दहाच्या रव्याचं पन्नास किलो धरलंय. असू दे की, कशाला दुरुस्त करालाईसा?"

मी पहिली गोष्ट पाहिली ती काटा. वेगळाच होता. जुना दुरुस्तीला गेलेला, आणि दुरुस्तीवाल्याने तात्पुरता दुसरा, शिक्का असलेला काटा सकाळी आणून ठेवला होता. केबल तीच, पिन बसली, आकडे आले, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

माझ्याकडे लॅपटॉप नाही. शेवटच्याची बिजागरी मोडली आणि दुरुस्तीच्या पैशांत थोडी भर घालून आयपॅड घेतला, त्याला काही काळ झाला. तेव्हापासून "टॅबवर कोडिंग होतं व्हय?" हे मला कुणीही विचारतं, अगदी उद्यमनगरातले कारखानदारसुद्धा. खरं उत्तर असं की कोड टॅबवर लिहिला जातो, चालतो दुसरीकडे. मॅकबुकमधली एम१ चिप २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये आली, ताकदीची कमतरता नाही. पण आयपॅडओएस बाहेरच्या ॲपला आपल्या मर्जीने नवा यंत्रकोड तयार करून तो चालवू देत नाही. त्यामुळे प्रोग्राम वेगळ्या डब्यात बांधून चालवणारं डॉकर नाही, नीट वेगाने चालणारं लिनक्स नाही. आयएसएच नावाचं ॲप लिनक्सची नक्कल करतं, पण त्याचा वेग बघून जीव कंटाळतो. माझं सगळं काम भाड्याच्या सर्व्हरवर राहतं. टॅबवर ब्लिंक हे टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसाठी वर्किंग कॉपी हे ॲप, बस्स.

या जोडणीत खरा जीव मॉशमध्ये आहे, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर काम करायच्या साधनात. २०१२ मध्ये एमआयटीतून बाहेर आलेलं हे साधन यूडीपीवर, म्हणजे कायमची जोडणी धरून न ठेवणाऱ्या पद्धतीवर चालतं. घरच्या वायफायवरून निघून शिरोली नाक्यावर मोबाइल डेटावर आलं तरी सर्व्हरशी बोलणं तुटत नाही. साधं एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकात शिरायची नेहमीची वाट, केव्हाच मान टाकतं. वर सर्व्हरवर टीमक्स, म्हणजे टर्मिनलमधलं काम जिवंत ठेवणारा प्रोग्राम, चालू ठेवलं की टॅब बंद पडला, बॅटरी संपली, तरी काम जिथल्या तिथे राहतं. ज्याला एस्केपचं बटण लागतं (मला लागतं, मी कोड लिहायला विम हा एडिटर वापरते) त्याने कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकावं. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या आयपॅडओएस १३.४ पासून ही सोय आहे, ट्रॅकपॅडही तेव्हाच आला. त्याआधी आयपॅडवर कोड लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार.

आयपॅडची खरी अडचण त्या दिवशी माझ्यासमोर पाटावर बसली होती. काट्याची सिरियल केबल थेट टॅबला लावून काय येतंय ते बघता येत नाही. यूएसबीतून येणारा असा कच्चा मजकूर ॲपच्या हाती सहजासहजी लागतच नाही. अँड्रॉइडवाल्याने एक अडॅप्टर लावून दोन मिनिटांत बघितलं असतं. माझा एक मित्र अँड्रॉइड टॅबवर टरमक्स हे टर्मिनलचं ॲप वापरतो, पायथन तिथल्या तिथे चालवतो आणि मला टोमणे मारतो. त्याचीही गंमत आहे. अँड्रॉइड १२ पासून मागे चालणाऱ्या उपप्रक्रिया ३२ च्या वर गेल्या की सिस्टिम त्या न विचारता मारते. मोठं काही चालू असताना त्याचं टर्मिनल मध्येच मरतं आणि मग टोमणे मारायची पाळी माझी.

माझा मार्ग पायमधून होता. तो राउटरला लॅन केबलने जोडलेला, आणि दुकानाचं वायफाय गुळाच्या थप्प्यांपलीकडे काट्यापर्यंत पोचत नाही. पण पाय ४ मध्ये एक सोय करून ठेवता येते. यूएसबी-सीची एकच केबल त्याच्यातून आयपॅडला लावली की वीजही त्याच केबलमधून जाते आणि नेटवर्कही. घरी मी असंच काम करते, म्हणून ती जुळणी आधीच केलेली होती. पायचा चार्जर काढला, केबल टॅबला लावली, रिकाम्या बारदानावर बसले. एका पोराने मुंगळे झटकून जागा करून दिली.

पायमध्ये शिरून पोर्टवरचा मजकूर जसाच्या तसा पडद्यावर सोडला. ओळी न तुटता, एकाला एक चिकटून आकडे वाहत होते, मधे फक्त बरोबरची खूण: =50.0100=50.0100=50.0100. जुना काटा वजन स्थिर झालं की एकदाच एक ओळ पाठवायचा. हा न थांबता बोलत होता. सुदैवाने दोन्हींचा आकडे पाठवायचा वेग ९६०० बॉडच होता, नाहीतर नुसती अक्षरांची भेळ दिसली असती.

मी म्हटलं, शिक्क्याची वजनं आणा. २० किलोचं वजन ठेवलं. पडद्यावर 00.0200. म्हणजे वीस ग्रॅम! आता हे काय? दशांश चिन्ह सरकलंय म्हणावं तर दहाच्या रव्याला पन्नास कसे? दिवाणजी म्हणाले, "त्याला परत पाठवू या काय?" मी म्हटलं, थांबा, वरून पाच किलो ठेवा. आणि आलं, 00.5200.

पंचवीसचे बावन्न.

कागद घेऊन लिहिलं: 0025.00. मग उजवीकडून डावीकडे वाचलं. काटा आकडे उलटे पाठवत होता, शेवटचा अंक आधी. वजनात दोष नव्हता, काट्यातही नाही. काही डिस्प्ले अशा क्रमाने पाठवतात, त्यांची ती पद्धतच असते. रवा होता १०.०५ किलोचा, म्हणजे 0010.05, उलटा केला की 50.0100. माझ्या प्रोग्रामने इमानेइतबारे ५०.०१ उचललं. तीस पंचवीसचा रवा ५२.०३ झाला, तीस चाळीसचा ४.०३. दुःख हे की काही आकडे खरे वाटण्यासारखे होते. सगळेच वेडेवाकडे आले असते तर ती पट्टी छापूनच गेली नसती.

आकडा उलटा करणं ही पायथनमध्ये अर्ध्या ओळीची गोष्ट. ती केली आणि पडद्यावर २५.०० आलं, तेव्हा दिवाणजींनी वही मिटायला घेतली. मी म्हटलं, अजून नाही.

कारण खरा त्रास पुढे होता. जुना काटा स्वतः ठरवायचा की वजन स्थिर झालं. हा ठरवत नव्हता, हमालाने रवा ठेवताना, अंग काढताना, पाटा हलताना जे जे वजन येईल ते सगळं ओकत होता. त्यातलं कुठलं खरं, हे मला ठरवायचं होतं. सलग सारखे किती आकडे आले की वजन पक्कं धरायचं? कमी धरले तर हमालाचा हात अजून रव्यावर असतानाच वजन उचललं जाणार. जास्त धरले तर रांग खोळंबणार. हे घरी बसून सुचलं नसतं. मी तोलाईदाराला म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं काम करा, माझ्याकडे बघू नका. आणि मी बघत बसले. हात निघाल्यावर आकडा कसा थरथरतो, मग कसा बसतो. तोलाईदार आकडा उच्चारायच्या आधी क्षणभर थांबतो, तो क्षण साधारण किती आहे. तेवढंच अंतर प्रोग्रामला दिलं. शिवाय एक वजन घेतल्यावर काटा शून्यावर येईपर्यंत दुसरं घ्यायचं नाही, ही अट. नाहीतर एकच रवा दोनदा चढला असता आणि पन्हाळ्याचे बाबा पुन्हा खूश झाले असते.

मध्ये एकदा काट्याच्या मागच्या पाटीचा फोटो काढून दुरुस्तीवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. तेवढ्यात आयपॅडने मागे गेलेलं टर्मिनल गोठवलं आणि एसएसएच तुटलं. पायवरही टीमक्स होतं, म्हणून काही गेलं नाही, एक आज्ञा देऊन परत तिथेच. पण हा स्वभाव मला अजून आवडत नाही. दोन ॲप एकावेळी चालू आहेत असं दिसतं आणि त्यातलं एक झोपलेलं असतं.

जुना काटा दुरुस्त होऊन परत येणार होता, म्हणून बदल एकतर्फी ठेवला नाही. बरोबरची खूण दिसली तर नवा काटा, आकडे उलटे वाचायचे. नुसती ओळ आली तर जुना. कोण जोडलंय ते प्रोग्रामच ओळखेल. पायचा चार्जर परत लावला, चुकलेली पट्टी रद्द करून नवी काढून दिली. बाबांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बघितल्या आणि पहिली मागून घेतली. "घरात दाखवतो," म्हणाले.

निघताना दिवाणजींनी आणखी एक काम पुढे केलं. पट्टी छापताना शेवटचा रकाना कागदाबाहेर जातो. पान टॅबवर उघडून बघितलं, पण आयपॅडच्या सफारीत पानाची आतली रचना तपासायची स्वतःची अशी सोय नाही. ती बघायला मॅक जोडावा लागतो. ते काम रात्री भावाच्या लॅपटॉपवर केलं.