तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीकांना चॅनल मिळालं, मग आपल्याला का नाही?

दरवर्षी इथे टोरॉंटोत, गणपतीत, आरती झाली की मसालेभाताच्या रांगेत कुणीतरी मला गाठतं. यंदा एक काका होते, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. "तुम्ही म्हणे इथल्या ग्रीक लोकांच्या टीव्ही चॅनलचं लायसन काढून दिलंत. मग आपल्या मराठीचं का नाही काढलंत?" त्यांच्यामागच्या वहिनींनी लगेच पुस्ती जोडली, "हो ना, आपण काय त्यांच्याहून कमी आहोत का?" रांग पुढे सरकली, पानात कोशिंबीर पडली आणि माझं उत्तर नेहमीसारखं "ती मोठी गोष्ट आहे हो" एवढ्यावरच राहिलं.

तर ती मोठी गोष्ट. आधी एक दुरुस्ती करते. लायसन मी काढलं नाही, मी अर्ज टाइप केला. आणि लायसन मिळूनही ते चॅनल कुणाच्या घरात कधी दिसलं नाही.

मी डोंबिवलीहून टोरॉंटोला आले ती 1999 साली. पहिली बरी नोकरी मिळाली ती डॅनफोर्थ रस्त्यावर, एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत. डॅनफोर्थ म्हणजे इथलं ग्रीकटाउन. रस्त्यांच्या पाट्यासुद्धा इंग्रजीबरोबर ग्रीकमध्ये. आमचे साहेब प्रसारणाच्या परवान्यांचे सल्लागार होते आणि मी त्यांची टायपिस्ट, झेरॉक्सवाली, हिशेबनीस, जे म्हणाल ते. पहिल्याच महिन्यात टेबलावर एक जाडजूड फाइल आली: ग्रीक भाषेतल्या खास वाहिनीसाठी अर्ज. अशील होते साठीचे एक गृहस्थ, ट्रॅव्हल एजन्सी चालवणारे. मला "कोरी मू" म्हणायचे, म्हणजे "माझ्या मुली". प्रत्येक भेटीला खालच्या बेकरीतून काहीतरी गोड घेऊन यायचे, त्यामुळे त्या फाइलच्या अर्ध्या पानांना मधाचे डाग होते.

मला आधी हेच कळेना की एका चॅनलसाठी एवढा अर्ज कशाला. आमच्या सोसायटीत केबल आली ती कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याने गच्चीवरून गच्चीवर वायर टाकली म्हणून. महिन्याचे पैसे घ्यायला तो स्वतः दारात यायचा आणि चित्र खरखरायला लागलं की आई त्यालाच खिडकीतून हाक मारायची. केबलचा कायदा झाला 1995 साली. तोवर आमची अर्धी डोंबिवली केबलवर सिनेमे बघून कंटाळली होती.

इथे उलटं. इथे आधी सीआरटीसी, म्हणजे कॅनडाचा रेडिओ-टीव्ही आणि दूरसंचाराचा आयोग, राजधानी ऑटवाच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर गॅटिनोला बसलेला. त्याच्या भाषेत इंग्रजी, फ्रेंच आणि इथल्या मूलनिवासींच्या भाषा सोडून बाकी सगळ्या जगाच्या भाषांना एकच नाव: तिसरी भाषा. ग्रीकही तिसरी, मराठीही तिसरी, चिनीही तिसरी. या तिसऱ्या भाषांसाठी आयोगाने 1985 साली धोरण केलं, 1999 साली ते सुधारलं. 1991 च्या प्रसारण कायद्यातही देशाच्या बहुसांस्कृतिक स्वरूपाचं प्रतिबिंब टीव्हीवर पडलं पाहिजे, असं लिहून ठेवलं आहे. पण केबलवर जागा मोजकी. त्यामुळे जुन्या ॲनालॉग काळात अशा खास वाहिन्या देशभरात मिळून पाचच होत्या: चिनी लोकांच्या फेअरचाइल्ड आणि टॅलेंटव्हिजन, इटालियन-स्पॅनिशसाठी टेलेलॅटिनो, दक्षिण आशियाई लोकांसाठी एटीएन आणि ग्रीकांसाठी ओडिसी. "ग्रीकांना मिळालं" असं तुम्ही म्हणता ते चॅनल म्हणजे हे ओडिसी. त्यात माझा काडीचा हात नाही. मी आले तेव्हा ते सुरू होतं.

आता या पाचात एटीएन आपलंही होतं, दक्षिण आशियाई म्हणून. एकट्या भाषेला अख्खी वाहिनी मिळणं ही तेव्हा केवढी चैन होती, ते यावरून लक्षात यावं.

मग आमचा अर्ज कसला? 2000 साली डिजिटल आलं आणि आयोगाने दार सताड उघडलं. त्या नोव्हेंबरात एका फटक्यात दुसऱ्या वर्गाच्या 262 वाहिन्यांना मंजुरी दिली. पुढेही अर्ज येत राहिले, त्यांतला एक आमचा. पहिल्या वर्गाच्या वाहिन्या दाखवणं केबल कंपन्यांना सक्तीचं होतं. दुसऱ्या वर्गाला तशी हमी नव्हती. तुम्ही लायसन घ्या, मग केबल कंपनीच्या दारात जाऊन बसा, त्यांनी घेतलं तर घेतलं. हे वाक्य त्या कागदांत फार सभ्य शब्दांत लिहिलेलं असायचं. मी ते किती वेळा टाइप केलं असेल, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली.

अर्जात खरं डोकं खायचा तो आठवड्याचा तक्ता. सात दिवसांचे उभे रकाने, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आडव्या ओळी. अशील सांगायचे, "इथे अथेन्सच्या बातम्या टाक, इथे मालिका, इथे फुटबॉल." मी टाकायचे. मग साहेब लाल पेन घेऊन विचारायचे, "आणि कॅनडा कुठे आहे यात?" अट अशी होती की पंधरा टक्के कार्यक्रम कॅनडात बनलेले हवेत. ऐकायला पंधरा टक्के म्हणजे काहीच नाही. पण प्रसारणाचा दिवस अठरा तासांचा धरायचा. करा हिशेब: दिवसाला 2 तास 42 मिनिटं, आठवड्याला जवळजवळ 19 तास. तेवढं ग्रीकमध्ये, इथे, टोरॉंटोत किंवा मॉन्ट्रियलमध्ये कुणीतरी उभं राहून बनवायचं. स्टुडिओ, कॅमेरा, दिवे, पगार.

आमच्या अशिलांनी तोडगा काढला होता. एक सोफा, दोन खुर्च्या, मागे समुद्राचा फोटो आणि त्यावर एक तासाचा गप्पांचा कार्यक्रम. तो दिवसातून दोनदा दाखवायचा, कारण पुनःप्रक्षेपणही मोजणीत धरता येत होतं. उरलेल्या वेळात चर्चमधले समारंभ, 25 मार्चची स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, मुलांच्या ग्रीक शाळेचं गॅदरिंग. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, त्या सगळ्या तक्त्यात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. बाकीचं अथेन्सहून येणार होतं, आणि ते अथेन्सहून कुणालाही आणता आलं असतं.

पैशांचं म्हणाल तर तासाला 12 मिनिटं जाहिराती, त्यांतली जास्तीत जास्त सहा मिनिटं स्थानिक. अशिलांचा सगळा भरवसा या सहा मिनिटांवर. बेकरीवाला, फर्निचरवाला, अंत्यविधीचं बघणारी मंडळी, आणि अर्थात त्यांची स्वतःची ट्रॅव्हल एजन्सी.

अर्जाला पाठिंब्याची पत्रं जोडायची असतात. कुणीही नागरिक आयोगाला पत्र लिहून बाजूने किंवा विरोधात बोलू शकतो, आणि आधीच्या परवानाधारकालाही हरकत घेता येते. म्हणून एका रविवारी अशिलांनी मला चर्चबाहेर टेबल टाकून बसवलं. प्रार्थना संपल्यावर माणसं बाहेर येतात, कॉफी पितात, तेव्हा सह्या घ्यायच्या. छापील पत्रावर सही केली की झालं. पण काळ्या कपड्यातल्या एक आजी काही केल्या छापील कागदावर सही करेनात. त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला, टेबलाच्या कडेला उभ्या राहून दहा मिनिटं ग्रीकमध्ये काहीतरी लिहिलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. पत्र इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये पाठवायचं म्हणून सोमवारी अशिलांनी भाषांतर सांगितलं. चॅनल हवं की नको याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आजींनी विचारलं होतं: ईस्टरचं मध्यरात्रीचं तुम्ही किती वाजता दाखवणार? मी नऊला झोपते.

प्रश्न बरोबर होता. टोरॉंटो अथेन्सच्या सात तास मागे. तिकडे शनिवारी मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवतात, मग एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात आणि "ख्रिस्तोस आनेस्ती", म्हणजे "ख्रिस्त उठला आहे", हे स्तोत्र सुरू होतं, तेव्हा इथे शनिवारच्या दुपारचे पाच वाजलेले असतात. थेट दाखवलं तर बाहेर लख्ख ऊन. मध्यरात्रीपर्यंत धरून ठेवलं तर आजी झोपलेल्या. अशिलांनी माझ्याकडचा तक्ता ओढून घेतला आणि त्या शनिवारच्या रकान्यात शिसपेन्सिलीने दोन चौकोन केले, एक पाचला, एक बाराला.

लायसन मिळालं. साहेबांनी त्या निर्णयाची प्रत फ्रेम करून दिली, अशिलांनी ती ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरमागे लावली. मग सुरू झाल्या केबल आणि सॅटेलाइट कंपन्यांच्या वाऱ्या. प्रत्येक ठिकाणी तेच ऐकायला मिळायचं: ग्रीक वाहिनी आहे की आमच्याकडे एक, दुसरीसाठी किती घरं पैसे भरतील? आणि पैसे भरणारी बरीच घरं आधीच भलतीकडे गेलेली. अमेरिकेत डिशवर ग्रीक वाहिन्या मिळायच्या. इथले लोक अमेरिकेतल्या कुणाचा तरी पत्ता द्यायचे, डिशचा सेट-टॉप बॉक्स आणायचे, गॅलरीत तबकडी लावायची की झालं. 2002 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. त्यानंतरही डॅनफोर्थवरच्या गॅलऱ्यांतल्या तबकड्या काही मला कमी झालेल्या दिसल्या नाहीत.

त्याच सुमाराला इटालियन लोकांचं मोठं भांडण झालं. इटलीच्या सरकारी राई वाहिनीला थेट कॅनडात यायचं होतं. 2004 च्या उन्हाळ्यात आयोगाने नकार दिला, कारण टेलेलॅटिनोचं काय होणार? इटालियन मंडळी खवळली, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, सरकारने समिती नेमली. डिसेंबरात आयोगाने धोरणच बदललं आणि पुढच्या मे महिन्यात राईला परवानगी मिळाली. पण एक पाचर मारून ठेवली: परदेशी वाहिनी हवी असेल तर त्याच भाषेतली इथली जुनी वाहिनीही घ्यायची. श्रीखंड हवं तर पुऱ्याही घ्याव्याच लागतील, असा प्रकार. म्हणजे ज्यांना अरुंद दारातून आत यायला मिळालं होतं त्यांना आडोसा मिळाला. दार उघडल्यावर आलेल्या आमच्यासारख्यांना फक्त फ्रेम.

दुसऱ्या वर्गाचं लायसन मिळाल्यापासून 36 महिन्यांत वाहिनी सुरू करावी लागे, नाहीतर ते रद्द. मुदतवाढ मागता यायची, आमच्या अशिलांनी मागितली नाही. 4 जुलै 2004 ला ग्रीसने लिस्बनमध्ये पोर्तुगालला 1-0 ने हरवून युरो कप जिंकला. रविवारची दुपार होती आणि डॅनफोर्थवर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. अशील मला गर्दीत भेटले, खांद्यावर निळा-पांढरा झेंडा, आवाज बसलेला. सामना त्यांनी कुठे पाहिला? बेकरीतल्या टीव्हीवर, इंग्रजी समालोचनात. म्हणाले, "कोरी मू, सहा मिनिटांच्या जाहिराती आज एका तासात खपल्या असत्या." मुदतीचे तेव्हा थोडेच महिने उरले होते.

आता काका, तुमचं उत्तर. मराठीसाठी लायसन मी काढलं नाही कारण कुणी मागायलाच आलं नाही, आणि आज मागायची गरजही नाही. 2015 पासून इथे कॅनेडियन मालकीची, नव्वद टक्के कार्यक्रम तिसऱ्या भाषेत असलेली वाहिनी बाकीच्या अटी पाळून विनापरवाना चालवता येते. लायसन हा अडसर राहिलेलाच नाही. पण माझ्या मते तो कधीच खरा अडसर नव्हता. ग्रीक लोक इथे मोठ्या संख्येने आले ते पन्नास ते सत्तरच्या दशकांत. मागे राहिलेल्या गावाचा आवाज पत्रातून आणि महागड्या फोनमधून यायचा. त्यांच्यासाठी चॅनल म्हणजे वीस-तीस वर्षांनी उघडलेली खिडकी होती. आपल्यातले बहुतेक आले तेव्हा अल्फा मराठी सुरू झालं होतं, इंटरनेट होतं. आज तर खिशातच सगळ्या मालिका. नाशिकची आजी व्हिडिओ कॉलवर नातवाला ओव्यांच्या चाली शिकवते. महिन्याच्या बिलात चार डॉलर वाढवून ते केबलवर कोण घेणार? वहिनी, तुम्ही घ्याल? खरं सांगा.

आणि त्या 2 तास 42 मिनिटांचं काय? आपल्या मंडळात नाटक बसतं, दिवाळी अंक निघतो, ढोलपथक आहे, शनिवारची मराठी शाळा आहे. तरीही मी एकदा गंमत म्हणून तो तक्ता मराठीने भरायला बसले होते. बुधवारपर्यंत पोहोचले आणि सोफ्यावर बसवायला माणसं संपली.

अशील आता नाहीत. एजन्सीच्या जागी फोनच्या कव्हरांचं दुकान आहे. साहेबांनी ऑफिस बंद केलं तेव्हा फाइली श्रेडरमध्ये गेल्या, मी तेवढा तक्ता काढून घेतला. पिवळा पडलाय, पण शिसपेन्सिलीचे ते दोन चौकोन अजून दिसतात. पाचच्या चौकोनाशेजारी अशिलांनी ग्रीकमध्ये बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. खालच्या बेकरीतल्या मुलीकडून मी ते एकदा वाचून घेतलं. लिहिलं होतं: "पडदे ओढून घ्या."