सात नंबरला पान्हा का फुटत नव्हता

बाळंतिणींच्या वॉर्डात नावं फारशी वापरात नसतात. सात नंबर म्हणजे सात नंबर. ही गुरुवारी रात्री बाळंत झाली. दुसरी खेप, नॉर्मल, मुलगी, वजन २९०० ग्रॅम. कागदावर सगळं ठीक.

अंगावर पाजायला शिकवणं हे माझं वॉर्डातलं खास काम. प्रशिक्षण घेतलंय, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा तोराही आहे. बाळानं नीट पकडलंय का, हे मी दारातून सांगते. हनुवटी छातीला टेकलेली, तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा. गालाला खळ्या पडत असतील तर बाळ नुसतं चोखतंय, पीत नाही. सात नंबरच्या मुलीची पकड पहिल्याच दिवशी इतकी छान होती की मी शिकाऊ मुलींना बोलावून दाखवली. चिकाचे थेंबही येत होते.

रविवारी संध्याकाळी मात्र छाती मऊच्या मऊ. तिसरा दिवस सरत आलेला, शेजारची सहा नंबर छाती दगड झाली म्हणून रडतेय, आणि हिच्याकडे काहीच हालचाल नाही. मी माझं नेहमीचं सुरू केलं. दर दोन तासांनी लावा, रात्रीची पाजणी चुकवू नका, रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, जास्त असतं. टेन्शन घेऊ नका, टेन्शननं दूध उतरवणारं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, अडतं आणि आहे ते दूधही उतरत नाही. हे सगळं खरं आहे. हजार वेळा सांगितलंय आणि बहुतेक वेळा त्यानंच काम होतं.

ती म्हणाली, "सिस्टर, पाजायला घेतलं की पोटात जोरात कळ येते." मी खूश झाले. बाळानं ओढलं की ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं छातीतलं दूध पुढे ढकललं जातं आणि गर्भपिशवीही आवळते. दुसऱ्या खेपेला त्या कळा जास्तच जाणवतात. म्हणजे यंत्रणा चालू आहे, असं मी तिला समजावलं. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यातही एवढंच आहे: मेंदू, दोन बाण, एक प्रोलॅक्टिनचा आणि एक ऑक्सिटोसिनचा.

तिची सासू कोपऱ्यात डबा घेऊन बसलेली. म्हणाली, "पयल्या पोराच्या टायमाला हिचा पदर भिजायचा, बाई. आमच्याकडं म्हशीचा जार अडकला की म्हैस पान्हवत न्हाई. तसं काय न्हाई ना?"

शिकाऊ मुली फिस्सकन हसल्या. मीही हसले. "आजी, ही म्हैस आहे का?" म्हटलं, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सोमवारी मुलीचं वजन २५८० भरलं. जन्माच्या वजनातून अकरा टक्के गेले. लंगोटावर विटकरी डाग, म्हणजे पोटात दूध कमी जातंय. राउंडला डॉक्टरांनी दूध वाढायची गोळी लिहिली, म्हणजे प्रोलॅक्टिन चढवणारी, आणि वाटी-चमच्यानं वरचं दूध सुरू करायला सांगितलं. राउंड चार मिनिटांत आटोपला. अंगावरून किती जातंय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. पॅड मावशी बदलतात, आणि मावशींना कोण विचारतो?

मंगळवारी सकाळी मावशीच आल्या. "सात नंबरच्या गाठी पडतायत, लिंबाएवढ्या. कालपण पडल्या." सोनोग्राफी केली तर आत वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा, तुकडा. जनावरांत हिलाच जार म्हणतात. दुपारी भूल देऊन काढला. ट्रेमध्ये पाहिला, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा.

दुधाची तयारी गरोदरपणातच झालेली असते. पाचव्या महिन्याच्या सुमारास चीक बनू लागतो, आणि पुढे प्रोलॅक्टिनही चढत जातं. तरी दूध वाहत नाही, कारण वार प्रोजेस्टेरॉन सोडत असते आणि ते दुधाला धरून ठेवतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं, आणि दोन-तीन दिवसांत छाती भरते. बाळ ओढो की न ओढो, भरते. बाळ दगावलेल्या आईचीही भरते. त्या बाया मी पाहिल्यात, त्यांच्या खाटेशी काय बोलायचं ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. किती दूध टिकणार हे बाळ किती ओढतं यावर ठरतं, पण ते नंतर. सुरुवातीचा बांध वार सुटल्याशिवाय फुटत नाही. सात नंबरच्या पोटात तेवढा तुकडा जिवंत राहून आपलं काम करत होता, आणि मी तिला टेन्शन घेऊ नको म्हणत होते. आमच्या तक्त्यात तिसरा बाण नाही.

गुरुवारी पहाटे चारला मी रात्रपाळीला होते. ती उठून बसली होती, गाऊन दोन्ही बाजूंनी ओला. मुलगी गिळतानाचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. ती काही बोलली नाही, नुसती गाऊनकडे बघत राहिली.

त्या रात्रीचा प्रसूतीचा कागद मी नंतर काढून पाहिला. "वार पूर्ण." वार तपासायची म्हणजे नळाखाली धुवायची, तळहातावर पसरायची, आईकडची बाजू वर, फोडी एकमेकींना भिडतात का बघायचं, मग नाळेला धरून उचलून पडदा फाटलाय का ते बघायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. त्या रात्री तासाभरात तीन बाळंतपणं झाली आणि पाळीला दोघीच होत्या. अक्षर ज्या मुलीचं आहे ती कामाला चोख आहे. तिला मी अजून काही बोललेले नाही. माझ्या हातच्या अशा घाईतल्या "पूर्ण" किती असतील, हा हिशोब मला करायचा नाही.

म्हशीचंही नंतर एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, म्हशीत कारण वेगळं. जार अडकला की आत पू होतो, ताप येतो, चारा सुटतो, म्हणून दूध घटतं. म्हणजे आजींचं शास्त्र चुकलं होतं. पण नेम बरोबर जागी लागला होता, आणि माझं शास्त्र बरोबर असून मी भलतीकडेच बघत होते.

शनिवारी सुट्टी झाली. मुलगी २७६० ग्रॅमवर आलेली. आजींनी पिशव्या भरल्या, सुनेच्या कानाला रुमाल बांधला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"मी आयतवारी बोलले व्हते, बाई."

"आयतवारी सोनोग्राफी बंद असते, आजी," मी म्हटलं. ते खरंही होतं.

"आन सोमवारी?"