चटणीतल्या दोन चुली

उन्हाळा लागला की बेळगावच्या शहापुरात कांडपाच्या दुकानापुढून नाक दाबूनच जावं लागतं. घरोघरची वर्षाची चटणी कुटली जात असते. संकेश्वरी मिरची, धने, मिरी, खोबरं. डब्यांची रांग, आणि रांगेत मराठी-कानडी दोन्ही शिंका.

ठसका लागतो तो मिरचीतल्या कॅप्सेसिनचा. त्याचं गोत्र वेगळं, तो राहू दे. पण मिरचीचा तांबडा रंग, धन्यांचा वास आणि मिरीचा दरवळ हे एकमेकांचे नातलग, टर्पिनॉइड नावाच्या कुळातले. पाच कार्बनचा एकच तुकडा. दोन जोडले की धन्यांतलं लिनालूल, तीन जोडले की मिरीतलं कॅरिओफायलीन, आठ जोडले की मिरचीतलं कॅप्सँथिन. कोणी कोणासारखं दिसत नाही, हे नात्यात चालायचंच.

मला गंमत वाटते ती हा तुकडा शिजतो कुठे याची. वनस्पतीच्या पेशीत त्यासाठी दोन चुली आहेत. एक पेशीद्रवात, मेव्हॅलोनेट मार्गाची. पंधरा कार्बनवाले बहुतेक इथले. दुसरी लवकांच्या, म्हणजे पेशीतल्या छोट्या कप्प्यांच्या, आत, एमईपी (मेथिलएरिथ्रिटॉल फॉस्फेट) मार्गाची. दहा आणि चाळीसवाले मुख्यतः तिथले. लवकांचे पूर्वज कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते. दुसऱ्याच्या घरात राहायला आले ते आपली चूल घेऊन, आणि इतकी युगं एकत्र नांदूनही ती मोडलेली नाही. शास्त्रज्ञ मात्र १९९०च्या दशकापर्यंत एकच चूल धरून बसले होते. मग फ्रान्सचे मिशेल रोमर आणि इतरांनी जिवाणूंमधली दुसरी उजेडात आणली, आणि पाठोपाठ ती वनस्पतींतही सापडली.

मधल्या पडद्यातून थोडी देवाणघेवाण चालतेच. आपल्या भागातल्या माणसाला त्याचं काय नवल? निपाणीचा बाजार राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याला विचारून भरत नाही.

माणसाच्या शरीरात फक्त पहिली चूल. तिच्यावर कोलेस्टेरॉल तयार होतं. डॉक्टर स्टॅटिनच्या गोळ्या देतात ते तिचाच जाळ कमी करायला.

दहा कार्बनवाले अंगाने हलके, ऊब लागली की उडाले. धने जास्त भाजले की आजी ओरडते ते उगाच नाही. चाळीसवाला रंग असा उडून जात नाही. तो तेलात उतरतो आणि रश्श्यावर तवंग धरतो. त्याचं वैर उजेडाशी आणि हवेशी. खिडकीतल्या काचेच्या बरणीत चटणी दिवाळीपर्यंत फिकी पडते ती त्यामुळे. दिसायला कितीही छान असली तरी काचेची बरणी नकोच. चिनी मातीची घ्यावी आणि दादरा घट्ट बांधावा.