मोबाइलची तात्पुरती ओळख

चर्चगेटहून विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये आपला फोन एकामागून एक टॉवर बदलत असतो, तरीही सिमवरचा ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमएसआय, हवेत सहसा उघडा पडत नाही. त्याऐवजी नेटवर्क फोनला ३२ बिटांची तात्पुरती ओळख, म्हणजे टीएमएसआय, देते. ती ठरावीक परिसरापुरतीच चालते आणि कॉल आला की तिच्याच आधारे फोनला पुकारले जाते. घरातल्या डेक्ट कॉर्डलेस फोनलाही अशीच, पण २० बिटांची ओळख मिळते.

मला खरी काळजी वाटते ती टूजीची. तात्पुरती ओळख जुळली नाही, तर नेटवर्क थेट आयएमएसआय मागू शकते, आणि समोरचे नेटवर्क खरे आहे की नाही हे टूजीमध्ये फोन तपासतच नाही. त्यामुळे बनावट टॉवरलाही तो क्रमांक बिनदिक्कत मिळतो. फाइव्हजीमध्ये कायमची ओळख सार्वजनिक किल्लीने, म्हणजे फक्त आपल्या मूळ नेटवर्कलाच उलगडता येईल अशा रीतीने, सांकेतिक करून पाठवण्याची सोय आहे, आणि पुकाऱ्याला फोनने उत्तर दिल्यावर नवी तात्पुरती ओळख देणे नेटवर्कवर बंधनकारक आहे. मात्र फोन टूजीवर उतरला की हे संरक्षण उरत नाही, म्हणून अनेक अँड्रॉइड फोनमध्ये असलेली टूजी बंद करण्याची सोय मी आवर्जून वापरते.