दिव्याखालची कोळिष्टकं

रात्री साडेदहाच्या सुमारास पेट्रोल भरायला थांबलो होतो. पंपाच्या छताला पांढरेशुभ्र एलईडी दिवे. टाकी भरेपर्यंत पाय मोकळे करावेत म्हणून उतरलो आणि बॉनेटकडे लक्ष गेलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक वर्तुळं, एकात एक, जणू एखाद्या कोळ्याने निवांत बसून जाळं विणलंय. दोन पावलं डावीकडे सरकलो, तर जाळंही माझ्याबरोबर सरकलं. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्या गाडीचं सगळं नेमकं दिव्याखालीच उघडं पडलं.

गाडी काळी आहे. ‘काळी घेऊ नकोस’ हे घरातल्या प्रत्येकाने सांगून झालं होतं. शोरूममधला विक्रेताही तेच म्हणाला, तेव्हा मला वाटलं, याला पांढरी खपवायची असेल.

या चऱ्यांना गाड्या चमकवण्याच्या धंद्यातले लोक स्वर्ल मार्क म्हणतात. गंमत म्हणजे तिथे वर्तुळं नसतातच. असतात ते वाट्टेल त्या दिशेला गेलेले हजारो आडवेतिडवे चरे. त्यांतले जे दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घातल्यासारखे पडलेत तेवढेच चमकतात, बाकीचे गुपचूप बसून असतात. मार्चमध्ये अवकाळी पाऊस पडून गेला की पानं झडलेल्या झाडामागचा रस्त्यावरचा दिवा पाहा. ओल्या काटक्या दिव्याभोवती कुणी गोल रचून ठेवल्यासारख्या दिसतात. तोच प्रकार. पांढऱ्या गाडीवरही हे सगळं असतंच, फक्त तिची झाकली मूठ असते.

आता हे केलं कुणी? आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला एक मामा येतात. सकाळी सहाला एक बादली, एक पिवळं फडकं आणि सतरा गाड्या. माझी नववी. माझ्यापर्यंत येईस्तोवर बादलीतल्या पाण्याला चहाचा रंग आलेला असतो. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, मोह्सच्या दहाच्या मोजपट्टीवर कडकपणा ७. साध्या चाकूचं पातंसुद्धा साडेपाचच्या आसपास थांबतं. हे कण फडक्यात घेऊन मामा रोज मनापासून बॉनेट घासत होते. पण एकट्या मामांना कशाला बोल लावू? नवी होती तेव्हा मीच जुन्या बनियनने रोज संध्याकाळी तिला कुरवाळत होतो. कबुतराची घाण दिसली की आई पदराच्या टोकाने खसाखसा पुसायची. चाव्यांनी ओरबाडणारा शत्रू आम्हाला कधी भेटलाच नाही. हे सगळं घरच्यांचं प्रेम.

एका गॅरेजमध्ये ‘रबिंग मारून देतो साहेब’ म्हणाले. दिलं मारून. महिनाभर गाडीत तोंड बघून भांग पाडावा अशी चमक. मग चार वेळा धुतल्यावर कोळिष्टकं परत आली आणि वर उन्हात नवे, लाटेसारखे फिरणारे पट्टे. त्यांना होलोग्राम म्हणतात हे नंतर कळलं. एकाच अक्षावर गरगर फिरणारं रोटरी मशीन आणि लोकरी पॅड घाईत फिरवलं की ते उमटतात. चरे गेले नव्हतेच. पॉलिशमधल्या तेलाने बुजले होते, पहिल्या पावसात डांबर जावं तसं ते तेल गेलं.

मग हौसेला मोल नाही म्हणत मी स्वतःच ड्युअल ॲक्शन मशीन आणलं. याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता छोट्या घेरात डोलतोही. भोवरा पडायच्या बेतात आला की कसा झोकांड्या खातो, तसा. त्यामुळे एकाच जागी घासत राहून रंग जाळण्याची भीती कमी. नवशिक्यासाठी हेच बरं, असं सगळेच सांगतात. मी त्याला ‘हेच सोपं’ असं ऐकलं.

पहिल्या रविवारी कंपाउंडचे, म्हणजे चरे घासून काढायच्या मलमाचे, चार थेंब पॅडवर टाकले आणि मशीन हवेतच चालू केलं. चारही थेंब माझ्या शर्टावर, भिंतीवर आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरवर समान वाटले गेले. आधी पॅड पत्र्याला टेकवायचा, हळू वेगावर मलम पसरवायचं, मग वेग वाढवायचा, हे मी असं शिकलो. दुसरी चूक जोर लावण्याची. भांडी घासायची सवय हातात असते ना, काही निघत नसलं की आपण रेटतो. इथे रेटलं की पॅड फिरायचा थांबतो आणि मशीन नुसतं थरथरत राहतं. आवाजावरून काही कळत नाही. शेवटी पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढली. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे, एका जागी थरथरली तर आपण फक्त हात दुखवून घेतोय.

दीड-दोन फुटांचा एक चौकोन घ्यायचा. आडवं जायचं, मग उभं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत. सेकंदाला साधारण एक इंच, म्हणजे शेणाने अंगण सारवणारीलाही कंटाळा येईल इतकं सावकाश. चार-पाच फेऱ्या झाल्या की मऊ मायक्रोफायबरने पुसायचं, पाणी घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून उरलंसुरलं तेल काढायचं आणि टॉर्च मारून पाहायचं. बॉनेटला मला अडीच तास लागले. त्याआधी क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, रंगाला चिकटलेली घाण काढणं आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावणं झालं, ते वेगळंच.

पहिला चौकोन झाल्यावर मी टेपच्या रेषेवर टॉर्च धरला. रेषेच्या एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला नुसता काळोख आणि त्यात टॉर्चचा एकच स्वच्छ ठिपका. विहिरीत वाकून पाहावं तसा मी बराच वेळ पाहत राहिलो. वॉचमनलाही बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘चांगलंय, पण बाकीची कधी करणार?’

करताना एक मात्र सारखं मनात येत होतं. चरा काढला म्हणतो आपण, पण चरा म्हणजे खड्डा. तो उचलून कुठे नेणार? रस्त्यावरचा खड्डा भरतात, इथे अख्खा रस्ता खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, आपल्या डोक्याच्या केसापेक्षा पातळ. हलक्या हाताने केलं तरी दर खेपेला त्यातला एखाद-दोन मायक्रॉन कायमचा जातो. कडांवर तो आणखी पातळ, म्हणून तिथे मशीन नेताना श्वास रोखला जातो. खोल दोन-चार चरे मी तसेच सोडले. नख अडकतं त्या चऱ्याच्या नादी लागायचं नसतं.

तीन रविवारांत गाडी झाली. सोमवारी सकाळी सहाला खाली जाऊन उभा राहिलो.

‘मामा, आजपासून ही पुसू नका.’

‘का साहेब, काय चुकलं का?’

काय सांगणार? क्वार्ट्झ? म्हटलं, नाही हो, काचा आणि टायर करा, पैसे तेवढेच. मामांना ते पटलं नाही. धुळकट गाडी पाहून लोक म्हणणार, मामा दांड्या मारतो. ते येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगू लागले, ‘ती साहेबांनीच पुसू नका म्हटलंय.’ सांगताना कपाळाकडे बोट जायचं, एवढं मी गॅलरीतून पाहिलं.

एप्रिल उजाडला. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं आणि बॉनेटवर रोज पिठासारखा थर बसू लागला. मी रविवारची वाट पाहत, दोन बादल्या आणि शाम्पू तयार ठेवून. परीक्षा संपल्या होत्या, पोरं दिवसभर पार्किंगमध्येच. शनिवारी संध्याकाळी आलो तर बॉनेटच्या मधोमध कुणीतरी बोटाने गणपती काढलेला. एकाच रेषेत, बोट न उचलता, सुपाएवढे कान, डावीकडे वळलेली सोंड, खाली मोदक. सुरेख काढला होता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हातही पुढे होईना, गणपती कसा पुसायचा?

दुसऱ्या दिवशी पाइपने वरून पाणी सोडून विसर्जन केलं. दिवसा काही कळत नाही. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली गाडी लावून उतरलो की सोंड दिसते, आणि तिच्याखाली मोदक.